वाऱ्याने नेलेली भरती

आर्डिथ पम्फ्रीच्या दुकानाबाहेरचा फळा पोटोमॅक नदीच्या या काठावर सगळेच वाचत. ती गळ, आमिष आणि गरम कॉफी विकायची आणि गेली तीस वर्षं दर शुक्रवारी त्या फळ्यावर खडूने लिहायची, की या आठवड्यात मोठ्या तोंडाचा बास मासा कुठे लागेल. उन्हाळ्यात पाणगवताच्या कडेला, ओहोटी लागली की. पानगळीत बुडालेल्या ओंडक्यांपाशी. आणि मार्चमध्ये, पाणी अजून हाडं गोठवत असताना, पोझी खाडीच्या आतल्या डोहात. भरती असताना तोंडाशी असलेला चिखलाचा उंबरठा ओलांडून आत जा, ओहोटी पूर्ण होऊ द्या, मासे डोहात दाटीवाटीने गोळा होतात. आमिष तळाशी हळू ओढा आणि पुढच्या भरतीला बाहेर या.

एक गोष्ट तिने कधी लिहिली नव्हती. वायव्येचा वारा जोरात सुटला की तो नदीचं पाणी समुद्राकडे ढकलून देतो आणि पुढची भरती वेळेवर येत नाही. काठावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, मग लिहायचं कशाला, असं तिला वाटायचं.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ लाइल होडी घेऊन पोझी खाडीकडे निघाला, तेव्हा वारा पडलेला होता. अठ्ठावन्न वर्षांचा गडी, नाताळात हृदयाला जाळी बसवलेली. फळ्यावर विसंबून रिकाम्या हाताने आलो तर कॉफी फुकट देशील का, असं त्याने तिला छेडलं, आणि तिने तो तुझा नाकर्तेपणा समजेन म्हणून उडवून लावलं. वारा संध्याकाळी येणार होता. तो दहालाच आला.

ओहोटी अकराला संपायची होती. एक वाजला तरी दुकानामागच्या धक्क्याचे खांब उघडेच होते, आणि त्यांच्या बुडाशी असलेला, तिने वर्षानुवर्षं न पाहिलेला काळा चिखल उन्हात चमकत होता. दोन वाजता आर्डिथने तिसऱ्यांदा फोन लावला. खाडीत फोन लागत नाही हे ठाऊक असूनही लावला. लाइलची गाडी होडी पाण्यात सोडायच्या उतारावर उभीच होती. माझ्या फळ्याने त्याला आत पाठवलं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तिने अग्निशमनवाल्यांना कळवलं. ते निघाले, पण त्यांची होडी मोठी, उंबरठ्यावर पाणी आल्याशिवाय आत शिरणार नव्हती. मग ती शेजारच्या ओथा स्वॉनकडे धावली. म्हाताऱ्याकडे बदकांच्या शिकारीची सपाट बुडाची डोंगी होती. तशी डोंगी बांबूने रेटत चिखलावरूनही नेता येते. ओथाने काही न विचारता बूट चढवले.

उंबरठा पार करायलाच त्यांना तासभर लागला. वारा कानात घुसत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या वळणापाशी लाइलची होडी कलंडून पडलेली दिसली, आणि तिच्यापासून पन्नासेक पावलांवर लाइल. मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेला, पुढे वाकलेला, हात चिखलावर टेकलेले. ओठ निळे. त्याने मान वर केली आणि बहिणीकडे असं पाहिलं, की लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा हे तिला आठवलं.

तिने त्याचे खांदे धरून ओढायला सुरुवात केली.

"सोड त्याला, पोरी," ओथा म्हणाला. "ओढलंस तर कंबर तुटेल, पाय नाही यायचा. पाणी आलं की चिखल आपोआप ढिला होतो. थांबायचं."

"किती वेळ?"

"ते वाऱ्याला विचार."

थांबणं म्हणजे काय ते तिला पुरेपूर कळत होतं. पाणी उशिरा आलं तर तो गारठून जाईल. पाणी आलं आणि चिखलाने सोडलंच नाही, तर तिच्या डोळ्यांदेखत ते त्याच्या तोंडापर्यंत चढेल. तिने आपला कोट त्याला घातला, डोंगीच्या काठावर पोटावर पडून त्याच्या काखांत हात घातले आणि त्याला बोलतं ठेवलं. आईच्या मक्याच्या पावाबद्दल बोलली, त्याच्या पहिल्या घटस्फोटाबद्दलही बोलली. तो जेमतेम हुंकार देत होता. दोनदा तो काहीतरी सांगायला लागला आणि थांबला. ओथा बांबूने त्याच्या पायांशेजारी भोकं पाडत राहिला, पाणी आलं की खाली मुरावं म्हणून.

चारनंतर वारा मंदावला आणि पाणी आलं. आधी बोटभर आलं, आणि मग अडवून ठेवलेलं सोडून दिल्यासारखं आलं. कंबर. बरगड्या. लाइलचं थंडीने कापणं थांबलं, आणि त्याचीच आर्डिथला जास्त भीती वाटली. पाणी छातीला लागलं तेव्हा ती मोठ्याने देवाची करुणा भाकू लागली. लाज वाटायला वेळ नव्हता.

"आता मागे रेल," ओथा म्हणाला. "गुडघा हलव. हळू. दुसरा."

डावा पाय बुटाविना सुटला. मग उजवा. दोघांनी मिळून त्याला डोंगीत घेतलं, ओथाने त्याचे ओले कपडे उतरवले, आर्डिथने त्याला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलं. ती रडत होती आणि हसतही होती. वाचला. तिच्या हातून कुणी मेलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी मोठ्या होडीचं इंजिन सुरू झालं, आणि ओथाने डोंगी त्या बाजूला वळवली.

"तिकडे नको," लाइल म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "वरच्या वळणापलीकडे दोघं आहेत. नवरा-बायको. छोट्या होडीत. फळा वाचून आलो, म्हणाले."

आर्डिथला आधी वाटलं, थंडीने बरळतोय.

"बाई ओरडत होती, दोघं चिखलात रुतलोय म्हणून. मी त्यांच्याकडेच निघालो होतो, तेव्हा रुतलो. तीनपर्यंत ओरडत होती. मग थांबली."

"लाइल, आम्ही तासभर तुझ्यापाशी होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात," तो म्हणाला. "डोंगी एकच होती. मला भीती वाटली, आर्डी."

तिचे हात त्याच्याभोवती होते, ते तिने सोडले नाहीत, पण ते आपले आहेत असं तिला वाटेना. ओथाने डोंगी वरच्या वळणाकडे फिरवली आणि मधल्या खोल पात्रात आल्यावर बांबू जोराने खाली रोवला. बांबू तळाला लागला नाही. पाणी फार वर आलं होतं.