दोघांचंही तिनंच लिहिलं

"म्हणजे तुझं कौतुक नवऱ्यानं करायचं, आणि ते लिहून द्यायचं तू?" प्लास्टर कालवणाऱ्या मावशींनी घमेलं खाली ठेवलं. "धन्य आहे बाई तुझी!"

"त्यांना लिहायला जमत नाही हो मावशी," ती म्हणाली. कवळीच्या मेणाच्या हिरडीत खालच्या दातांची रांग बसवायचं काम चाललं होतं, म्हणून मान वर न करताच म्हणाली.

"बोलायला जमतं की! त्या दिवशी इथं येऊन तासभर टकळी चालू होती."

ते मात्र खरं होतं. तिचा होणारा नवरा, टायरवाला, बोलायला बसला की मुडदासुद्धा उठून बसेल, अशी त्याची ख्याती होती. आईची मोडकी कवळी रुमालात बांधून तो पहिल्यांदा आला, तेव्हा म्हणाला होता, "आई दातांशिवाय बोलते तेव्हा काय शिव्या देते ते कळत नाही, त्यामुळे घरात शांतता असते. तरी पण करून द्या." तिला इतकं हसू आलं, की हातातली कानस खाली पडली. हसताना तिनं सवयीप्रमाणे तोंडावर हात धरला होता.

त्या हातालाही कारण होतं. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिनं बनवलेल्या दातांनी जेवत होती, आणि तिचे स्वतःचे पुढचे दात मात्र ओठांना न जुमानता बाहेर डोकावत. देवानं चेष्टा करायची म्हणजे किती करावी! लहानपणापासून घरात एकच ऐकलं: तोंड मीट. मग वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि आईचं करता करता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी तिला सांगायलाही आलं नाही. आई गेल्यावर ती एका खोलीत राहायची, एक भांडं भात शिजवायची आणि भिंतीकडे बघून जेवायची. केस पांढरे व्हायला लागल्यावर हा विधुर टायरवाला आला आणि चक्क म्हणाला, "करूया का लग्न?"

शहरातल्या लग्न-नोंदणी कार्यालयातल्या बाईंची एक अट होती. छापील शपथ त्यांना चालत नसे. नवरा-नवरीनं एकमेकांना काय कबूल करायचं ते आपल्या शब्दांत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणायचं, मगच सही. टायरवाल्यानं ते ऐकलं आणि हात झटकले. "अगं, मी बिल लिहितो तेही माझं मलाच लागत नाही. तूच लिही दोघांचं. मी वाचेन."

तिनं त्याला द्यायची आपली वचनं झरझर लिहिली. त्याच्या तोंडची लिहिताना मात्र घाम फुटला. आजवर तिच्याविषयी चार माणसांत कुणी चांगला शब्द काढला नव्हता. तो एकदा, आयुष्यात एकदाच, कानांनी ऐकायचा होता. बाकी तिला काही नको होतं, खरंच नको होतं. आधी तिनं 'सुंदर' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. लोक काय आंधळे आहेत? जे कुणालाही पटेल तेवढंच ठेवलं. चारच वचनं झाली.

मावशींनी ती वाचली. मग म्हणाल्या, "लिहिलंस छान. पण पोरी, आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडात घालू नयेत. त्यानं थुंकले तर आपल्याच अंगावर येतात."

"तुमचं आपलं काहीतरीच!" ती म्हणाली.

लग्नाला त्याच्याकडचे वीस-पंचवीस लोक आले होते. पुढच्या खुर्चीवर त्याची मोठी बहीण, ताई, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. नवरीकडून एकट्या मावशी. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "हं, आधी नवरदेव."

टायरवाल्यानं कागद उघडला, घसा खाकरला, आणि लोकांकडे वळला. त्यानं लोक बघितले आणि त्याला राहवेना.

"मंडळी, आधीच सांगून ठेवतो," तो म्हणाला, "हे सगळं हिनंच लिहिलंय हं! उद्या मला कुणी धरू नका."

हशा पिकला.

"'हिला मी उशिरा भेटलो,'" तो नाटकातल्यासारखा छातीवर हात ठेवून वाचू लागला, "'पण चुकून भेटलो नाही.'"

"नक्की ना रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"लिहिलंय बाबा इथं! 'आईच्या उशाशी हिनं आयुष्य घालवलं. आता हिच्या उशाशी मी बसेन.'" त्यानं मान वाकडी करून डुलक्या काढायची नक्कल केली. लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी राहिले. "आता पुढचं ऐका, पुढचं ऐका. 'हसताना ही तोंडावर हात धरते. तो हात मी हळूच खाली घेईन.'"

पंचवीस तोंडं तिच्या तोंडाकडे वळली. ती हसत नव्हती, तरी हात वर गेला होता. टायरवाला दोन पावलं पुढे आला, तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांना दिसेल असा हात खाली ओढला.

"असा!"

ताईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "पुरे रे मेल्या, पोट दुखतंय!"

"एकच राहिलंय. 'हिला मी एकटीला जेवू देणार नाही.'"

"मग दुकानावर कोण बसणार, तुझा बाप?" ताई म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा सगळे खो खो हसले. मावशी तेवढ्या जमिनीकडे बघत होत्या.

"आता तुम्ही," कार्यालयातल्या बाई तिला म्हणाल्या.

तिच्या मुठीत तिचा कागद होता. "माझं वाचून झालं," ती म्हणाली.

"अहो, ते त्यांचं झालं. तुमचं राहिलंय."

"तेही माझंच होतं."

"घाबरली बघा!" टायरवाला म्हणाला.

"एक तरी वाक्य म्हणावं लागेल," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "त्याशिवाय मला सही घेता येत नाही. नसेल म्हणायचं, तर तसं सांगा."

तिनं दाराकडे बघितलं. खोलीची किल्ली सकाळीच मालकाला देऊन झाली होती. तिथं दुसरं बिऱ्हाड आलंसुद्धा असेल. ट्रंक टायरवाल्याच्या घरी पोचली होती. आणि खरं सांगायचं तर भिंतीकडे बघून जेवायची तिच्यात आता ताकद उरली नव्हती.

"मी यांना," ती म्हणाली, "चार माणसांत कधी हसणार नाही."

खोलीत चिडीचूप झालं. क्षणभर वाटलं, पोचलं. मग टायरवाल्यानं जोरात टाळी वाजवली. "वा! बघा, म्हटलं नव्हतं? लिहिण्यात पहिल्यापासून हुशार!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं सही केली.

खाली गाडीपाशी तो तिच्याजवळ आला. खुशीत होता. "रागावलीस की काय?"

"नाही."

"अगं, गंमत केली. रडका चेहरा करून वाचलं असतं तर लोक जांभया देत बसले असते. आता बघ, वर्षभर नाव काढतील."

"हो."

"ते तुझं शेवटचं मात्र झकास होतं. कागदावर नव्हतं ना? कुठून काढलंस?"

"तिथंच सुचलं."

"मला पण असलं एखादं लिहून ठेव. भाच्याच्या लग्नात म्हणेन." मग त्यानं पुढचं दार उघडलं, आणि काहीतरी आठवून थांबला. "तू मागे बसतेस का जरा? ताईला मागे बसलं की मळमळतं."

ती मागे बसली. कुणीतरी खिडकीतून उरलेल्या सरबताचं भांडं आत दिलं. त्याला झाकण नव्हतं. ते तिनं मांडीवर घेतलं. गाडी निघाली. पुढे टायरवाला ताईंना ते तोंडावरच्या हाताचं वचन पुन्हा म्हणून दाखवत होता, ताई पुन्हा हसत होत्या. हसता हसताच त्यांनी मागे वळून बघितलं.

"सांभाळा हं वहिनी, सीटा नव्या आहेत."

"नाही सांडणार," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिनं भांडं दोन्ही हातांनी तोलून धरलं.