बाभळीला अडकलेलं स्वेटर

घरामागे ओढा असला की मागची खिडकी उघडायची सोय नसते, हे नाशिकमधल्या त्या कॉलनीत सगळ्यांनीच मान्य करून टाकलं होतं. ज्योत्स्नाच्या माहेरची खिडकी बाबा गेल्यापासून बंद होती. आता आईही गेली. तेरावा उरकून पाहुणे पांगले, तरी आईच्या पातळांचं गाठोडं त्या खिडकीखाली तसंच होतं. ते उघडवत नव्हतं, नजरेआड करवत नव्हतं. खोलीत जीव कोंडायचा.

"ताई, गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये," धाकटा महेश म्हणाला. "ओढ्यात सोडून ये. शेवटी गंगेलाच मिळतो."

नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. सगळी कॉलनी याच भरवशावर होती.

ज्योत्स्ना गाठोडं घेऊन काठावर गेली, तर पाणी दिसतच नव्हतं. गाद्या, उशा, सदरे; घराघरातलं मरण तिथे साचून कुजत होतं. तिने टाकायला गाठोडं उचललं, पण हात सुटेना.

"टाक की! एवढ्यानं काय होतंय?" शेजारच्या सुमनबाई मागे उभ्या होत्या. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. बोलणं अजून वर्गातलंच.

"टोमणे नका मारू, बाई. गंगेला मिळेल ते."

"मिळेल? त्या बाभळीला अडकलंय ना, ते आमच्या ह्यांचं स्वेटर. मागल्या हिवाळ्यात मीच सोडलं. तिथून पुढे गेलं नाही. तेव्हापासून खिडकी उघडत नाही. लोकांना सांगते, वास येतो!"

ज्योत्स्ना चमकली. आईसुद्धा हेच सांगायची! तिने वळून पाहिलं. ओळीने सगळ्या खिडक्या बंद होत्या. घर न् घर आपापल्या दुःखाशी एकटं कोंडलेलं, आणि त्यांच्यापायी ओढाही!

"मग करू काय मी ह्याचं?"

"गोधडी शिवू. मला एकटीला धीर झाला नाही. तू येतेस?"

दोघी ओट्यावर बसल्या. मग आणखी काहीजणी आल्या. कोणी नवऱ्याचा सदरा आणला, कोणी सासूचं पातळ. "सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, टाका वाकडा!" असं म्हणत एक हसली आणि हसताहसताच रडली. मन मोकळं झालं तशा सगळ्या पदर खोचून ओढ्यात उतरल्या. गच्चीवरून बघणारे पुरुषही दोर घेऊन आले. गाद्या निघाल्या. काठावर करंजाची रोपं लागली. एका खड्ड्यात सुमनबाईंनी ते विरलेलं स्वेटर स्वतःच्या हातांनी पुरलं.

गोधडी पुरी झाली तेव्हा महेशने हळूच विचारलं, "ह्यात आईचं कुठलं?"

ज्योत्स्नाने हिरवा तुकडा दाखवला. तो त्यावरून हात फिरवत राहिला.

"मलाच ते गाठोडं बघवत नव्हतं, ताई."

त्याने उठून खिडकी उघडली. वास अजून होता. पण आता पाण्याचा आवाजही होता.

मंडळी, दुःख पाण्यात सोडलं म्हणून वाहून जात नाही; ते पाण्यालाही अडवून धरतं. ते चारचौघांत उलगडावं, त्याला हातांचं काम द्यावं. मग ओढा मोकळा होतो आणि माणूसही!