नाव सायलीचं, कोकरू धनश्रीचं

मुख्याध्यापक राधाकिशन सरांना सही ठोकायची भारी हौस आणि वाचायचा तितकाच कंटाळा. प्रियदर्शनी मॅडमनी उट्टं काढलं ते नेमकं याच जागी बोट घालून. पण आधी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई लईच खुनशी!

मॅडम अंबाजोगाईच्या. धारूरच्या डोंगराखालच्या एका गावात नववीला इंग्रजी शिकवायच्या. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की पोरं जांभया द्यायची, म्हणून मॅडमनी वर्गाचा ब्लॉग काढला. ज्याला जे ठाऊक, ते त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं, फोटो लावायचा, बाकीच्यांनी खाली कॉमेंट करायची. कुणी विहिरीवरच्या मोटारीवर लिहिलं, कुणी आजीच्या दुखऱ्या दाढेवर. नियम एकच होता. चूक दाखवायची, पण लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा एक शब्दही हलवायचा नाही. राधाकिशन सर या सगळ्याला ‘फोनचे चाळे’ म्हणायचे.

या चाळ्यांनी धनश्रीची शाळा वाचवली. तिचा बाप म्हाळू मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं निघायचं, आज याच्या रानात बसवायची, उद्या त्याच्या, आणि पोरगी दोन-तीन महिने वर्गाबाहेर. यंदा मात्र ती जिथं मुक्काम तिथून बापाच्या फोनवर लिहीत राहिली. पोरगी बोलायला मुखदुर्बळ, पण लिहायला बसली की ऐकायची नाही. तिनं आपल्या कोकरावर लिहिलं, तेव्हा मॅडमनी ते तीनदा वाचलं आणि त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

मग पुण्याच्या लेखन शिबिराचं पत्र आलं. शाळेच्या ब्लॉगवरचं सगळ्यात चांगलं लिखाण निवडायचं, लिहिणाऱ्या मुलाला शिबिराला पाठवायचं. मॅडम धनश्रीचं नाव घेऊन ऑफिसात गेल्या. तिथं संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह दादा चहा पीत बसले होते.

“नाव सायलीचं घाला,” दादा म्हणाले. सायली त्यांची पोरगी, त्याच वर्गातली.

“पण हे धनश्रीनं लिहिलंय, दादासाहेब.”

“आवो मॅडम, मेंढक्याच्या पोरीला पुण्याला धाडून काय करायचं? तिथं बी मेंढरं हाकनार हाय का?”

राधाकिशन सर खो खो हसले. हसावंच लागतं, अध्यक्षांचा विनोद होता. त्यांनी फोनवर ते पान उघडलं, कोकराचा फोटो बघितला, मान डोलावली आणि शिबिराच्या पत्रावर सही ठोकली. “निसर्गावर दिसतंय. उत्तम! फक्त वरचं नाव बदला. आणि सव्वीस जानेवारीला सायली हे स्टेजवर वाचील.”

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसानं खालची एक ओळ वाचली असती तर खुर्चीतून उडाला असता! त्यांच्या ओठांवर आलंही होतं, की सर, वाचा तरी. तेवढ्यात दादांनी बशीत चहा ओतला, फुर्रकन ओढला आणि पुन्हा हसले. मॅडमनी ओठ मिटले. “बरं सर,” एवढंच म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

नियम म्हणजे नियम. त्यांनी धनश्रीला फोन लावला. मेंढरं तेव्हा युसूफ वडगावच्या शिवारात होती. पोरीला सगळं सांगितलं. मागं कुत्रं भुंकत होतं.

“धनश्री, तू नको म्हणालीस तर मी राजीनामा देईन, पण नाव बदलणार नाही.”

“लावा सायलीचं नाव, मॅडम,” पोरगी म्हणाली. “पर एक शब्द बी कमी करू नका.”

मॅडमना कळलं, पोरीला सगळं कळलंय. राहिली सायली. ती दुसऱ्या दिवशी स्वतःच आली, डोळे सुजलेले. “मॅडम, मी पप्पाला म्हनलं, माझं न्हाई त्ये. तर मलाच रागावले. मी वाचलंय त्ये. त्यात काय हाय, मला ठावं हाय.”

“नको वाचूस मग. आजारी पड. मी सांभाळून घेते.”

सायलीनं मान हलवली. धनश्री आणि ती पहिलीपासून एका बाकावर. “मी वाचनार,” ती म्हणाली. “त्या कोकराला मी पन बाटली पाजलीया.”

सव्वीस जानेवारीला अख्खं गाव शाळेच्या पटांगणात. बीडहून एक अधिकारी बाई पाहुण्या म्हणून आलेल्या. दादा भगव्या फेट्यात, सर नव्या सफारीत. मेंढरं बायकोवर सोडून म्हाळू पोरीला घेऊन आला होता आणि अगदी शेवटी, चपला काढतात तिथं, उकिडवा बसला होता. झेंडा झाला, सत्कार झाले, मग सायली माइकपुढं आली. तिनं इंग्रजीत खणखणीत वाचलं. गावाला एक अक्षर कळलं नाही, पण दादांची पोरगी इंग्रजी फाडती म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट! फक्त पाहुण्या बाईंनी टाळी वाजवली नाही. त्या सायलीकडं बघत होत्या आणि मग दादांकडं.

दादांना काय, स्वर्ग दोन बोटं उरलेला. त्यांची एक सवय सगळ्या तालुक्याला माहीत होती. स्वतःचं कौतुक एकदा ऐकून त्यांचं भागत नसे. मॅडम त्याच सवयीची वाट बघत स्टेजच्या कडेला उभ्या होत्या.

“मॅडम!” दादांनी माइक ओढला. “आमच्या लोकायला मराठीतून सांगा की, पोरीनं काय लिव्हलंय त्ये!”

“सगळं सांगू का, दादासाहेब?”

“आवो सगळं! काई सोडू नका!”

मॅडमनी माइक घेतला. आवाज अगदी वर्गातल्यासारखा, सावकाश.

“‘माझं कोकरू पांढरं होतं. त्याचा एक कान काळा होता. त्याची आई विताना मेली, म्हणून मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ते माझ्या मागं शाळेच्या फाटकापर्यंत यायचं.’”

बायकांत चुकचुक झाली. दादा कौतुकानं मान हलवत होते. त्यांच्या वाड्यावर कोकरू कधी होतं, हा प्रश्न त्यांना अजून पडला नव्हता.

“‘एक दिवस पांढरी जीप आली. जीपमधली माणसं म्हणाली, साहेब निवडून आले, आज गावजेवण आहे. माझ्या वडिलांनी मोठा मेंढा दाखवला, म्हणाले हा न्या. ते म्हणाले, कवळंच पाहिजे. माझे वडील हात जोडून उभे राहिले. जीपमधल्या माणसांनी माझं कोकरू तंगडीला धरून जीपमध्ये टाकलं.’”

आता पटांगणात झेंड्याचा दोर खांबाला आपटतोय तेवढं ऐकू येत होतं. दादा निवडून आले तेव्हाचं ते जेवण सगळ्यांना आठवत होतं. सगळ्यांनी ओरपून रस्सा प्यायला होता. दादांची मान हलायची थांबली.

“‘त्या दिवशी सगळं गाव जेवलं. आई म्हणाली, जाऊ नको. मी गेले. मला फक्त त्याचा कान सापडतो का ते बघायचं होतं. पंगतीच्या मागं, जिथं कापाकापी केली होती, तिथं तो सापडला.’ संपलं.”

मॅडमनी माइक खाली केला. त्यांचं काळीज असं गार झालं म्हणता, की बस्स! राधाकिशन सर सफारीच्या खिशात रुमाल शोधत होते आणि रुमाल सापडत नव्हता.

“बंद करा हे!” दादा ओरडले. “माझ्या पोरीनं न्हाई लिव्हलं हे!”

“असं कसं?” पाहुण्या बाई शांतपणे म्हणाल्या. “वर नाव तर तिचंच आहे. आत्ताच तुम्ही सगळ्यांना सांगितलंत.”

आता बोला! पोरीचं म्हणावं, तर पोरीनं बापाला भर गावात चोर म्हटलेलं. पोरीचं नाही म्हणावं, तर नाव चोरलं कुणी? दादा घामाघूम झाले आणि सायलीकडं वळले. “सायले, सांग या लोकायला! कावून गप बसलीस? तू लिव्हलंस का हे?”

“न्हाई लिव्हलं, पप्पा,” सायली मॅडमच्या हातातल्या माइकमध्येच म्हणाली. “तुमीच माझं नाव लावाय लावलं.”

“मग लिहिलं कुणी?” बाईंनी विचारलं.

मॅडमनी माइक दादांपुढं धरला. हे नाव त्यांना दादांच्याच तोंडून पाहिजे होतं. सगळं गाव दादांच्या तोंडाकडं बघत राहिलं. शेवटी दादांनी चपलांच्या ढिगाकडं बोट केलं आणि दातओठ खात बोलले, “तिनं लिव्हलंय. म्हाळूच्या धनश्रीनं.”

माइक चालू होता. पार एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू गेलं.

म्हाळू उठून उभा राहिला. त्याचे हात सवयीनं जोडले जायला निघाले होते, पण त्यानं ते मागं घेतले. धनश्री माणसांतून वाट काढत स्टेजवर आली. पाहुण्या बाईंनी टेबलावरच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावरचं सायलीचं नाव खोडलं, पेनानं धनश्रीचं लिहिलं आणि ते दादांच्या हातात दिलं. द्यायचा मान अध्यक्षांचाच होता ना! दादांनी ते न बघताच पुढं केलं.

“पुण्याला जाशील ना?” बाईंनी विचारलं.

धनश्रीनं दादांकडं सरळ बघितलं. एवढं सरळ तिच्या घरातल्या कुणी कधी बघितलं नव्हतं.

“जानार,” ती माइकमध्ये म्हणाली. “त्यो कान मीठ लावून वाळवून ठिवलाय. त्यो बी नेनार. तिथं पन सांगनार, कुनी खाल्लं त्ये.”