सासूच्या मापाचं पोलकं

शमजिदानं पायडलवर दोन्ही पाय ठेवून जोर लावला. मशीन खडखडायला लागलं, तशी तोयबा बोलायला लागली.

इथली रीतच ती होती. बायकांच्या या केंद्राच्या भिंती म्हणजे बांबूच्या तट्ट्या आणि त्यांवर ताडपत्री. गल्लीत कुणी शिंकलं तर आतून दुवा द्यावी लागे. भिंतींना कान असतात ही इथं म्हण नव्हती, रोजची अडचण होती. म्हणून मागच्या खोलीत हे जुनं शिलाई मशीन ठेवलं होतं. सुईत दोरा नसायचा, खाली एक चिंधी मागेपुढे होत राहायची. पाय चालत असतील तोवर बाईनं बोलावं, थांबले की गप्प बसावं. निर्वासितांच्या या छावणीतल्या लोकांना एवढंच ठाऊक होतं की शमजिदाबुबू, सगळ्यांची थोरली बहीण, बायकांना शिवण शिकवते.

"नवऱ्यानं बाहेरची पाटी बघितली, बुबू," तोयबा म्हणाली. "वरचं चित्र बघितलं. मला विचारलं, तू तिथंच जातेस ना? मी म्हटलं, शिवण शिकायला जाते. तर म्हणतो कसा, इतके महिने शिकतेयस ना, मग दाखव की शिवून. आईचं एक पोलकं शीव. जुम्म्याच्या नमाजाआधी माझ्या हातात पाहिजे."

"आणि नाही दिलंस तर?"

डाव्या मनगटावरची बाही तोयबानं बोटांपर्यंत ओढून घेतली. शमजिदाचे पाय थांबले. मग भानावर येऊन ती पुन्हा पायडल मारू लागली.

"तर म्हणाला, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. परत कधीच नाही."

आणि रविवारी तोयबाला निघायचं होतं.

तिची थोरली बहीण आरेफा दक्षिणेकडच्या दुसऱ्या छावणीत राहत होती. तिच्याकडे कायमचं जायचं, हे तोयबानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ते तिच्या तोंडून येईपर्यंत शमजिदानं कित्येक आठवडे नुसतं मशीन चालवलं होतं, 'तू असं कर' म्हणून एकदाही सुचवलं नव्हतं. त्यानंतरची जुळवाजुळव तहमिना आपाची. दवाखाना, वकील, छावणीची कचेरी, पलीकडचं केंद्र, गाडीवाला, हे सगळे दोरे आपाच्या हातात असत आणि ती प्रत्येकाला त्याच्यापुरतंच सांगायची. गाडीवाल्याला वाटत होतं, एका आजारी बाईला पोचवायचंय. कचेरीचा परवाना त्या एका दिवसापुरता होता. तो चुकला तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि तिच्या नवऱ्याच्या, जाफर आलमच्या हाताचा तर त्याहून नव्हता. झाकली मूठ कशी राखायची, हे ढाक्याहून आलेल्या या बाईला पक्कं कळत होतं.

आणि त्याच बाईनं पाटी लावली.

सगळ्या संस्थांची बैठक झाली होती. मार खाणाऱ्या बायकांना मदत कुठं मिळते तेच ठाऊक नसतं, तेव्हा प्रत्येक केंद्रावर पाटी हवी, असं ठरलं. वाचता कुणाला येतंय, म्हणून आपानं चित्र काढून घेतलं. डोळा सुजलेली बाई आणि तिच्यावर उगारलेली मूठ. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही कळलं, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या पुरुषांना सगळ्यांत आधी कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवसापासून केंद्रातल्या चटया रिकाम्या पडल्या.

"बैठकीत आम्हाला विचारलं असतंत, तर आम्ही सांगितलं असतं," शमजिदा त्या दिवशी आपाला म्हणाली होती.

"तू होतीस की बैठकीत!"

"होते ना. चहा झाल्यावर तुम्ही विचारलंत, कुणाला काही बोलायचंय का. तेव्हा सगळे चपला शोधत होते."

तहमिना आपाचा चेहरा उतरला. पाटीचे फोटो वरच्या साहेबांकडे गेले होते, ती लगेच उतरवता येणार नव्हती. मग तिनं दोरीवरच्या दोन ओल्या ओढण्या काढल्या आणि पाटीवर पसरून टाकल्या.

"ओढण्या कुठं वाळत घालाव्यात, यावर अजून कुणाची बैठक झालेली नाही," ती म्हणाली.

शमजिदाला हसू फुटलं होतं. बाई मनानं सोन्यासारखी होती, राग धरावा अशी नव्हतीच. पण ज्यानं बघायचं त्यानं बघून घेतलं होतं.

आता तोयबाला शिवता यायला हवं होतं. शमजिदानं मशीनमध्ये खरोखरचा दोरा ओवला आणि तिला समोर बसवलं. तोयबाची टीप कोंबडी अंगणात हिंडावी तशी कापडभर हिंडली. एकदा सुई बोटात गेली, एकदा दोऱ्याचा असा गुंता झाला की दोघींना तो दातांनी तोडावा लागला. तेव्हा तोयबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"बुबू, मी इतके महिने नक्की काय शिकले?"

"बोलायला शिकलीस. ते शिवणीपेक्षा अवघड असतं. आण ते इकडे. माप आणलंयस?"

तोयबानं गाठी मारलेली एक सुतळी पुढं केली. छातीची गाठ, बाहीची गाठ, उंचीची गाठ.

"सासूनं विचारलं नाही, माप कशाला म्हणून?"

"ती झोपली होती. मी हलकेच सुतळी लावून घेतली."

"तुझी ती चौकीदारीण? बरी झोपली."

गुलजहारला सगळी टेकडी चौकीदारीणच म्हणायची. सून केंद्रात निघाली की ही म्हातारी काळी छत्री उघडून तिच्यासोबत वळणापर्यंत येणार, सून आत गेलेली बघणार आणि मगच माघारी फिरणार. जिभेला धार अशी की पाण्याच्या नळावर तिच्या पुढं रांगेत उभं राहायची कुणाची छाती होत नसे. तोयबा तिच्याविषयी चांगलं किंवा वाईट काहीच सांगायची नाही. शमजिदानं मात्र मनाशी धरलं होतं की मुलाचा एक डोळा घरात असतो आणि एक या छत्रीखाली.

पोलकं शमजिदानंच शिवलं. तिच्या बापाचं सीमेपलीकडं बुथीडाँगच्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं. पडद्यामागं बसून, दुकानात येणाऱ्या कुणाला न दिसता, ती तिथं शिवण शिकली होती. ते दुकान जळालं त्याला आता वर्षं झाली, हात मात्र तसाच राहिला होता. ओबडधोबड शिवायचं तिनं मनात ठरवलं होतं, पण कापड सुईखाली आलं आणि हात ऐकेना. खांद्याशी मुंढा नीट बसवला, बाहीची टीप आखल्यासारखी सरळ मारली, आतल्या कडाही दुमडून घेतल्या. गुरुवारी तोयबा ते पोलकं बुरख्याखाली धरून घरी गेली. शमजिदाला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी तांदूळ धुताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढं सफाईदार पोलकं! शिकाऊ बाईचा हात असा चालत नाही. जाफर काही खुळा नव्हता. तो ते पोलकं बाजारात नेणार, शिंप्यापुढं टाकणार, आणि शिंपी एका नजरेत सांगणार की हे मुरलेल्या हाताचं काम आहे. मग घरी काय होणार? तिनं पातेलं खाली ठेवलं. बापाची सफाई मिरवायच्या नादात आपण पोरीचा गळा कापला, असं तिला वाटलं आणि तांदूळ तसेच सोडून ती भिंतीशी टेकून रडली.

शनिवारी तोयबा आली नाही. निरोपही आला नाही. तिच्या घराकडे जाऊन बघावं तर तेच संशयाला निमित्त झालं असतं.

"वाट बघायची," तहमिना आपा म्हणाली. "ती आली तर गाडी आहे. नाही आली तर आपण तिच्या दारात जायचं नाही. आपण गेलो की मार तिला बसतो." हे बोलताना ती हातातली पेनची टोपी काढत होती आणि पुन्हा लावत होती.

रविवारी सकाळी वळणावर काळी छत्री दिसली. छत्रीखाली चार पावलं होती. शमजिदानं दाराच्या फटीतून बघितलं. आता दोन पावलं माघारी वळतील म्हणून ती थांबली, पण चारही पावलं सरळ दारापर्यंत आली.

"अस्सलामु अलैकुम," गुलजहार म्हणाली आणि छत्री मिटून आत आली. "आज मी पण बसते. बघू तरी शिकवता काय इथं."

शमजिदानं घाईघाईनं चटई पुढं ओढली. तोयबानं तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि मागच्या खोलीत गेली. तिथं आपा वाट बघत होती. मागचं दार खालच्या पायवाटेवर उघडत होतं आणि पायवाटेच्या तोंडाशी गाडी उभी होती. हातात वेळ थोडा होता, आणि मधे फक्त एक ताडपत्रीचा पडदा होता.

"बसा, खाला, बसा ना," शमजिदा गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाली. "पान लावू? सुपारी कोवळी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? या चढानं आमचे तर पार गेले बाई."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. ओरडतेस कशाला? मी बहिरी नाही."

मागून मशीनचा आवाज येत नव्हता. बांबूचं दार करकरलं. शमजिदाला खोकल्याची मोठी उबळ आली. गुलजहार तिचा खोकला थांबेपर्यंत शांतपणे बघत राहिली.

"जाफरनं पोलकं शिंप्याला दाखवलं," ती मग म्हणाली.

शमजिदाच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"काय म्हणाला शिंपी?"

"हसला. म्हणाला, तुमच्या बाईला अजून वर्षभर शिकू दे, मग अंगात घालण्याजोगं शिवेल. चार माणसांत हसला तो. जाफर घरी येऊन मला म्हणतो, पाठव तिला शिकायला, लाज आणली हिनं."

म्हातारीनं पान घ्यायला हात पुढं केला. ओढणी मागं सरकली आणि शमजिदाला पोलक्याची बाही दिसली. कापड तेच होतं, छाती तीच, गळाही तिनंच शिवलेला. बाही मात्र मुंढ्यापासून उसवून पुन्हा लावलेली होती. लांब, वेडावाकडा धावदोरा, कुठं चुणी पडलेली, कुठं दोरा लोंबतोय. त्या दोऱ्याच्या शेजारी शमजिदाच्या जुन्या टिपेची बारीक भोकं सरळ रेषेत उभी होती.

"खाला," तिनं विचारलं, "ही बाही कुणी शिवली?"

"सुनेनं. आणखी कोण शिवणार?" गुलजहारनं ओढणी पुढं ओढून बाही झाकली. "अजून हात बसायचाय तिचा. इतके महिने येतेय इथं, पण घरी साधं बटण लावताना मी तिला बघितली नाही."

एवढे दिवस जिला चौकीदारीण म्हटलं, ती कुणासाठी पहारा करत होती, हे आत्ता कुठं शमजिदाच्या ध्यानात येत होतं. तिला त्या म्हातारीचे हात धरावेसे वाटले. पण तसं केलं असतं तर सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं. आत आलेल्या बाईविषयी बाहेर एक अक्षर काढायचं नाही, सख्ख्या माणसापुढंही नाही, हा इथला पहिला नियम होता. तिनं मान खाली घालून पानाला चुना लावला.

खालच्या वाटेवर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गुलजहारनं तो ऐकला. हातातली मिटलेली छत्री तिनं मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच बसून होती.

"तुम्हाला घरी जायचं असेल, खाला," शमजिदा हळू म्हणाली. "उन्हं चढतील."

"मी एकटी घरी दिसले की तो तिच्याविषयी विचारणार. मी दुपार कलताना अस्रची अजान होईपर्यंत बसते इथं. दोघी शिकवणीला आहेत, असंच त्याला वाटू दे."

"आणि मग?"

"मग मी जाईन. तो माझ्या पोटचा आहे, शमजिदा. त्याच्या बापानं काय केलं ते बघत बघत वाढलाय तो. मीच त्याला ते बघू दिलं. माझ्यावर त्यानं अजून हात उचललेला नाही."

शमजिदाला रडू आवरेना. तिनं ते लपवलंही नाही. गुलजहारनं पान तोंडात घातलं नाही, हातातच धरून ठेवलं. मग आवाज उतरवून, इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "आरेफाचा नवरा माणूस कसा आहे गं?"

नियम शमजिदाला तोंडपाठ होता. तिनं मागच्या खोलीच्या रिकाम्या पडद्याकडे बघितलं, मग समोरच्या म्हातारीकडे.

"त्याचा चढा आवाज शेजाऱ्यांनीसुद्धा कधी ऐकला नाही, खाला," ती म्हणाली.

गुलजहारनं मान हलवली आणि पान तोंडात घातलं.