कापसाच्या खोलीतल्या पिसवा

दुपारी सगळं घर निपचित पडलेलं असताना खरखर असा आवाज आला. लाइट गेल्यामुळे कूलर बंद होता, आणि त्या शांततेत तो आवाज फारच मोठा वाटला. उंदीर असेल म्हणून मी उठले. उंदीर नव्हता. सोनू झोपेतच एक टाच पाळण्याच्या लाकडावर घासत होता. दुपटं वर केलं तर मांडीपासून घोट्यापर्यंत लाल फोड, काही घासून घासून फुटलेले. दुपट्यावर काळा कण दिसला. बोट नेलं तसा तो टुणकन उडून कापसात गेला.

अजून धड बसता न येणारं लेकरू. त्याला नीट खाजवताही येत नाही.

मी कापसाकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या घरात तीन खोल्या. मधली सगळ्यांत थंड. कूलर तिथेच, पाळण्याची कडी तिथेच आणि दिवाळीपासून पार आढ्याला टेकलेला कापूसही तिथेच. भाव वाढेल म्हणून ठेवलेला. तो लक्ष्मी, म्हणून त्याला पाय लावायचा नाही, हलवून खालचं झाडायचं नाही. खोली त्याची, आम्ही आपले अंग चोरून कडेला.

"काहून उठवलं त्याले?" माझ्या सासूबाई, मैनाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उठवलं नाही, आत्याबाई. पिसवा चावून राह्यल्या."

"शेणानं सारवत होतो तवा नव्हत्या बाई पिसवा. टाइल पायजे होती तुले."

"टाइलीतून निंगते का पिसू?"

"आमाले त नाई चावत."

चावणार कशा? रात्री सगळी मोठी माणसं अंगणात बाजेवर. सोनूला बाहेरचं वारं सोसत नाही म्हणून मी आणि दोन्ही लेकरं आत. गोधड्या मी उकळत्या पाण्यातून काढल्या, पत्र्यावर कडक वाळवल्या. कोपऱ्यांत चुना भरला, पाळण्याखाली कडुनिंबाचा पाला पसरला. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. कापसाच्या खाली माझा हात पोचतच नव्हता.

माझा नवरा कपिल वावरातून जेवायला आला तेव्हा ताट वाढता वाढताच मी म्हटलं, "कापूस हलवा तिथून."

"कुठं हलवू? अंगनात? एक ठिणगी पडली त?"

"मग विका."

"आता इकला त लोक हासतीन. एवढा थांबलो न आता हारलो म्हनतीन." त्याने भाकरी मोडली. "थांब. फवारून देतो. अर्धी बाटली आहे पडून. एका पंपात साफ."

माझा हात वरणाच्या पळीवरच थांबला.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात तुरीवर फवारताना वारा फिरला आणि ह्याच माणसाला लोकांनी गाडीवर मधे धरून घरी आणलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात मी लेकीला, नयनला, कडेवर घेऊन त्याच्या खाटेपाशी उभी होते. तो मला विचारत होता, "लाइट काहून घालवली व?" भर दुपार होती.

"तेच औषध?" मी विचारलं.

"अवं, वाऱ्यानं आलतं ते तोंडावर. घरात कुठून येते वारा?"

"लेकरू झोपते तिथं."

"बरं बाई, नाई मारत."

"सोनूची शप्पथ घ्या."

"घेतली. वाढ आता."

तेवढ्यात नयन आपली दुधाची वाटी घेऊन मधल्या खोलीत चालली होती. चार वर्षांची आहे. हल्ली दूध तिथेच जाऊन प्यायची. "कापसावर सांडू नको," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सोनूची लस होती. सिस्टर इंदूबाईंनी त्याचा पाय धरला आणि तशाच थांबल्या. "हे काय व? घरात कुत्रं-मांजर आहे का?"

"नाही."

नयनने माझा पदर घट्ट धरला.

"मग घर झाडत जाय बाई जरासं," त्या म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जी रोज तीनदा झाडते. त्या कापसापुरतं सोडून.

रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत आले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. तो वास मी विसरणं शक्य नव्हतं. तेव्हा कपिलच्या अंगावरच्या कपड्यांना तो येत होता, दवाखान्याच्या चादरीलाही.

कपिल मधल्या खोलीचं दार ओढून घेत होता. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा. "झालं," तो म्हणाला. "सांजपर्यंत बंद राहू दे. एक पिसू राहत नाई."

समोरच्या घरातल्या बिस्मिल्लाबी वासानेच ओट्यावर आल्या होत्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "ला, बच्चे को इधर दे." मी सोनूला त्यांच्याकडे दिलं, नयनला त्यांच्या ओट्यावर बसवलं आणि परत आले.

"शप्पथ कोनाची खाल्ली होती तुम्ही?"

"त्याच्यासाठीच केलं न मी. रातभर रडते तो. मले ऐकू येत नाई का?"

"ऐकू येते त उठत काहून नाही?"

तो पंपाचा पट्टा सोडवत राहिला. पट्टा कधीच सुटला होता.

"दारं-खिडक्या उघडा. कापूस बाहेर काढा."

"भर उन्हात लक्ष्मी घराबाहेर काढून राह्यली हे," सासूबाई म्हणाल्या.

"नाही काढत. आज रात्री तुम्ही झोपा तिथं, आत्याबाई. पाळण्याखाली."

त्या वळल्या. आत गेल्या, मोठी ताडपत्री घेऊन आल्या आणि अंगणात अंथरली.

वास ओसरल्यावर, तोंडं बांधून, आम्ही कापूस काढायला लागलो. गाठोडी बांधायची, ओढायची, ओतायची. उन्हं कलली तशी मागची भिंत दिसायला लागली. कपिल वाकला आणि वाकलेलाच राहिला.

भिंतीला लागून, लहान लेकरू सरपटेल एवढ्या फटीच्या टोकाशी, कापसात एक खळगा होता, उबदार, गोल. त्यात मांजरीची तीन पिल्लं एकमेकांवर मान टाकून गार पडलेली. डोळे नुकते उघडलेले असावेत. शेजारी नयनची स्टीलची वाटी.

"भुरीची दिसतात," सासूबाई हळूच म्हणाल्या. भुरी म्हणजे गल्लीतली मांजर, राखाडी, कुणाचीच नसलेली. "ह्यायच्याच पिसवा होत्या मग."

कपिलने वर पाहिलं. पाळण्याची कडी तिथून जेमतेम चार हातांवर होती. तो बराच वेळ कडीकडेच पाहत राहिला. मग त्याने पिल्लांना दोन्ही हातांत घेतलं, मानेखाली बोटं देऊन, सोनूला घेतो तसं, आणि फावडं काखेत धरून अंगणाच्या कडेच्या बोरीच्या झाडाकडे गेला.

मला बोलायचं होतं. आठवडाभर पुरेल एवढं माझ्याजवळ होतं. बोलले नाही. पण राग गेला असं कुणी समजू नये. परत आला तेव्हा त्याला मी पाणी दिलं, ते तांब्या खाली आपटूनच.

संध्याकाळपर्यंत मी फरशी पुन्हा पुन्हा धुतली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच ती खोली एवढी मोठी दिसत होती. पाळणा कपिलने अंगणातल्या कडुनिंबाला बांधला आणि न सांगता दोरी धरून बसला.

मी दारात फरशीचं फडकं पिळत होते. नयन येऊन मला चिकटली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बिस्मिल्लाबींच्या ओट्यावरून बोरीचं झाड दिसतं.

तेवढ्यात खिडकीतून भुरी उतरली. तोंडात पाल होती. ओल्या फरशीवर पाय झटकत ती सरळ मागच्या भिंतीशी गेली. पाल खाली ठेवली. कोपरा हुंगला, पुन्हा हुंगला. मग बारीक आवाजात, फक्त पिल्लांसाठी काढतात तशा आवाजात, ती हाका मारायला लागली.

नयनने माझा ओला हात धरला.

"आई, भुरीले कोन सांगन?"