हलक्या बाटलीचा गाळ

बाटली उजेडाकडे धरली की तळाशी मळकट पांढरा थर दिसतो ना, मित्रांनो, तो मी. लोक मला गाळ म्हणतात. मी जुना आहे, पण जिवंत आहे. मी बिअरचं यीस्ट आहे.

माझं सगळं आयुष्य हेरबेके गावच्या ब्रुअरीत गेलं. मोड आणून भाजलेल्या जवाचं गोड पाणी मला द्यायचे. त्यातली साखर खाऊन मी त्याची बिअर करायचो. ओडिल मला सांभाळायचा. हौदावर फेस चढला की तो टोपी काढून म्हणायचा, "उठलात का, साहेब?" फार मान होता माझा. जत्रेची काळी, तगडी बिअर मीच करायचो आणि रोज जेवणाबरोबर घ्यायची हलकी बिअरही मीच. बाटल्या भरताना थोडा थोडा मीही आत जायचो.

मग ब्रुअरी बंद पडली. हौद भंगारात गेले, मी गटारात. लोकांच्या तळघरांत बाटल्या होत्या, तेवढ्यांतच मी उरलो. त्याही एकेक करून संपत आल्या.

ओडिल आता फार थकला होता. त्याची मुलगी गोडलिव्ह घरी, धुण्याच्या खोलीत, बिअर करायला शिकली. जत्रेत गावची बिअर पुन्हा मिळावी आणि बाबांच्या जिभेला चव आहे तोवर त्यांनी ती प्यावी, एवढंच तिला हवं होतं. जव तेच, पाणी तेच. पण यीस्ट पाकिटातलं. ओडिलने घोट घेतला.

"चांगली झालीय, पोरी. पण ही पाहुणी आहे. आपल्या घरची नाही."

शेजारचा फिर्मिन हसला. "ब्रुअरी गेली तशी तिची बिअरही गेली, गोडलिव्ह. तू आपली जत्रेत लिंबूपाणी वाट."

गोडलिव्हने मग कपाटातली ब्रुअरीची जुनी काळी बिअर काढली. सगळ्यात तगडी, म्हणून जपून ठेवलेली. तिचा गाळ तिने गोड पाण्यात सोडला आणि वाट पाहिली. एक बुडबुडासुद्धा आला नाही. तगडी बिअर करताना आम्ही दमतो, मित्रांनो. वर्षानुवर्षं तिच्यातल्या कडक दारूतच पडून राहिलो तर मरतो. माझी ती भावंडं केव्हाच गेली होती.

"हलकी बघायला हवी होतीस," ओडिल म्हणाला. "तिच्यात यीस्ट सुखात असतं."

"बाबा, हलकी बिअर कोण जपून ठेवतं?"

खरंच, कुणीच नाही. पण फिर्मिनच्या तळघराचं दार वाऱ्याने आपटायचं. ते आपटू नये म्हणून त्याने हलक्या बिअरची एक भरलेली बाटली दाराशी उभी केली होती. त्या बाटलीत मी होतो. हलकी बिअर हवीय हे कळताच फिर्मिनने ती आणून टेबलावर ठेवली. "घे. आता दार आपटलं की तुझ्या नावाने खडे फोडीन."

गोडलिव्हने बाटली दोन दिवस हलू दिली नाही. मग हळूच उघडून, बाटली तिरपी धरून, एका दमात बिअर पेल्यात ओतली आणि गाळ जवळ येताच थांबली. बरणी आणायला वळली. तेवढ्यात ओडिलचा हात पुढे आला. त्याची जन्माची सवय होती: बिअर मोठ्या पेल्यात आणि गाळ छोट्या पेल्यात, पोटाला बरा म्हणून. अर्धा मी छोट्या पेल्यात पडलोसुद्धा!

"बाबा! ठेवा ती बाटली!"

"अगं, पोटाला बरं असतं..."

"मग जत्रेत काय वाटू? तुमचं पोट?"

"वाट की," फिर्मिन म्हणाला. "लोक त्यालाही रांग लावतील."

न उकळलेल्या पेल्यात पडलेला मी आता कामाचा नव्हतो. ओडिलने मला गिळून टाकलं. बाटलीत उरलेला मी मात्र वाचलो. गोडलिव्हने जंतू मरावेत म्हणून बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवलं आणि मला उकळून निववलेल्या गोड पाण्यात सोडलं.

पहिल्या दिवशी मी हललो नाही. अंगात त्राणच नव्हतं. फिर्मिन डोकावून म्हणाला, "दाराशीच बरा होता." दुसऱ्या दिवशी मी एक बुडबुडा सोडला. मग दुसरा. मग बरणीच्या गळ्यापर्यंत फेस! ओडिल काठी टेकत आला. त्याने टोपी काढली.

"उठलात का, साहेब?"

मग मी थांबलोच नाही. बरणीतून मोठ्या बरणीत, तिथून पातेल्यात, पातेल्यातून पिंपात. एवढासा होतो, तो पिंपभर झालो!

जत्रेच्या दिवशी चौकात पहिला पेला ओडिलला दिला. त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आली घरी," तो म्हणाला.

अख्खा चौक ओरडला. फिर्मिन तर सगळ्यांना सांगत सुटला की ही बिअर आपल्या दाराने राखली. लोक घरून धुतलेल्या बरण्या घेऊन आले आणि पिंपाच्या तळातल्या मला घेऊन गेले. आता मी एका बाटलीत नाही, घराघरांत आहे. मला संपवायचं तर सगळं गाव संपवावं लागेल!

संध्याकाळी ओडिलसमोर नव्या बिअरची एक बाटली रिकामी झाली, तळाशी मी उरलो. फिर्मिनने छोटा पेला पुढे सरकवला. "घ्या ओडिलकाका, पोटाला बरं."

ओडिलने पेला उपडा ठेवला.

"राहू दे. त्याला काम आहे."

मित्रांनो, तुम्हीही काही विसळून टाकण्याआधी ते एकदा उजेडाकडे धरून बघा.