चादरींच्या घड्या

सोलापुरात थंडी पडली, की अजीजा पोरांना उंबऱ्याबाहेर सोडत नसे. मग बिलाल आणि सबा उड्या मारमारून कॉटचा भुगा करायला निघत. आज तिचं डोकंच उठलं. कारखान्यातून घडी घालायला आणलेल्या चादरींचा ढीग तिनं दोघांपुढे लोटला.

"दोन टोकं तू धर, दोन तू. पळत या, टोकाला टोक लावा, परत मागं पळा!"

पोरं घामाघूम झाली आणि सगळ्या चादरींच्या घड्या झाल्या. स्वतःच्या अकलेवर खूश होत अजीजा स्वयंपाकघरात निवांत चहा प्यायली.

बाहेर येऊन बघते तर सगळ्या चादरी पुन्हा उलगडलेल्या!

"अम्मी, चादरी संपल्या होत्या की," सबा धापा टाकत म्हणाली. "मग खेळायचं कशानं?"